सेकंडहँड स्कॉर्पिओ: टाकी खरी किती लिटरची आणि ॲव्हरेज खरे किती?

गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवलेल्या कार्डावर तीन आकडे होते: रनिंग ९२,४००, टाकी ७० लिटर, ॲव्हरेज १५ ते १६. त्यांच्या खाली पेनाने ‘फुल टाकीत हजार किलोमीटर’ असेही लिहिलेले होते. नाशिकमधल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून गेल्या दसऱ्याला आम्ही ही २०१५ सालची डिझेल स्कॉर्पिओ एस १० घेतली आणि पहिल्या दिवसापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवून प्रत्येक वेळी भरलेले डिझेल आणि मीटरचे वाचन तिच्यात लिहीत गेलो. आठ महिन्यांनंतर ती वही समोर ठेवून हे परीक्षण लिहीत आहे. कार्डावरच्या तीन आकड्यांपैकी एकही जसाच्या तसा खरा निघाला नाही. तरीही गाडी मनासारखी आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या आहेत ते सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण जुनी एसयूव्ही घेणारा जवळजवळ प्रत्येक जण याच दोन प्रश्नांपाशी अडतो.

आधी टाकी. जुन्या गाडीबरोबर मालकाची पुस्तिका क्वचितच मिळते, आम्हालाही मिळाली नाही. आरसी पाहिली तर तिच्यात इंजिनाची घनक्षमता, सिलिंडरांची संख्या, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचे वजन असे बरेच काही असते, पण इंधनाच्या टाकीची क्षमता नसते. मग माणूस विक्रेत्यावर किंवा ओळखीच्या माणसावर विसंबतो आणि तेथेच घोटाळा होतो. एसयूव्ही म्हटले म्हणजे टाकी मोठीच असणार, हा समज मुळात चुकीचा आहे. डिझेलवरची विटारा ब्रेझा ४८ लिटरची, डस्टर ५० लिटरची, एक्सयूव्ही ५०० मात्र ७० लिटरची आणि फॉर्च्युनर ८० लिटरची. स्कॉर्पिओच्या घरातही एकवाक्यता नाही: आमच्या पिढीच्या गाडीची टाकी ६० लिटरची आहे, आणि २०२२ साली आलेल्या स्कॉर्पिओ एनची ५७ लिटरची. त्यामुळे ‘स्कॉर्पिओची टाकी किती?’ हा प्रश्न साल आणि मॉडेल सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही. आमच्या विक्रेत्याने ७० हा आकडा बहुधा शेजारी उभ्या असलेल्या एक्सयूव्ही ५०० च्या कार्डावरून उतरवला असावा. त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण १० लिटरांचा फरक म्हणजे नाशिकहून निघून पुण्याला पोहोचण्याच्या अर्ध्याहून अधिक वाटेचे डिझेल, आणि ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही.

पुस्तिका नसली तरी टाकीचा अंदाज घेण्याची पद्धत सोपी आहे, फक्त तिला तीन-चार वेळा भरण्याइतका धीर लागतो. इंधन कमी झाल्याचा दिवा लागला की सपाट जागेवरच्या पंपावर जावे, पंपाचे मीटर शून्यावर आले आहे हे स्वतः पाहावे, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथेच थांबायला सांगावे. पहिल्या वेळी दिवा लागल्यावर आमच्या गाडीत ४८.६ लिटर डिझेल बसले, दुसऱ्या वेळी ५०.२ लिटर. तिसऱ्या वेळी दिवा लागल्यावर मुद्दाम आणखी ४० किलोमीटर गाडी चालवली, तेव्हा ५३.३ लिटर बसले. म्हणजे दिवा लागतो तेव्हा टाकीत अजून सुमारे १० लिटर उरलेले असते, आणि एकूण क्षमता ६० लिटर आहे या माहितीशी हे आकडे नीट जुळतात. टाकी ७० लिटरची असती, तर दिवा २० लिटर शिल्लक असतानाच लागतो असे मानावे लागले असते, आणि तसे कोणी करत नाही.

याहून पुढे जाऊन, गाडी बंद पडेपर्यंत चालवून टाकी मोजण्याचा सल्ला मला एका हितचिंतकाने दिला होता. तो मी मानला नाही आणि कोणी मानू नये. डिझेल गाडी पूर्ण कोरडी झाली की इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते, ती काढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, शिवाय कॉमन रेल इंजिनातल्या (आजच्या डिझेल गाड्यांत असते त्या इंजिनातल्या) उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. टाकी कोरडी पडली की त्या पंपाची झीज होते आणि त्याची दुरुस्ती महागडी असते. दोन-तीन लिटरांच्या अचूकतेसाठी हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

याच्या उलट टोकाची तक्रारही पंपावर नेहमी ऐकू येते: ‘कंपनी साठ लिटर म्हणते आणि यांनी बासष्ट लिटर भरले, म्हणजे पंपवाल्याने फसवले.’ तसे असेलच असे नाही. कंपनी जी क्षमता सांगते तिच्या वर, डिझेल तापून फुगले तर सामावावे म्हणून टाकीत थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, आणि तोंडापासून टाकीपर्यंतच्या नळीतही काही डिझेल मावते. नोझल बंद झाल्यावरही थेंबथेंब भरत राहिले तर ती सगळी जागा भरते. डिझेलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०८ टक्के वाढते, म्हणजे ६० लिटर डिझेल १५ अंशांनी तापले तर पाऊण लिटरच्या आसपास जास्त जागा मागते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात काठोकाठ भरलेली गाडी उभी करून ठेवणे म्हणूनच चांगले नाही. पहाटे भरले की जास्त डिझेल मिळते, हा समज मात्र फारसा कामाचा नाही. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तेथील तापमान दिवसभरात नावापुरते बदलते. मापाबद्दल खरोखरच शंका आली, तर पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेले ५ लिटरचे माप ठेवलेले असते, ते आणून मोजून दाखवण्याची मागणी कोणत्याही ग्राहकाला करता येते. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. मी एकदा तशी मागणी केली, कर्मचाऱ्याने कोणतीही कुरकुर न करता मोजून दाखवले आणि माप बरोबर निघाले.

आता ॲव्हरेज. येथे शब्दांचाही गोंधळ आहे, कारण जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘मायलेज’ हा शब्द काही लोक लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरसाठी वापरतात आणि काही लोक गाडी आजवर किती चालली यासाठी. आपल्याकडे पहिल्याला ‘ॲव्हरेज’ आणि दुसऱ्याला ‘रनिंग’ म्हणण्याची पद्धत आहे ती अधिक स्पष्ट आहे, आणि बोलणी करताना हेच शब्द वापरलेले बरे.

या गाडीचे कंपनीने सांगितलेले प्रमाणित ॲव्हरेज लिटरला १५.४ किलोमीटर आहे. ते खोटे नव्हे. फक्त तो आकडा प्रयोगशाळेतल्या फिरत्या रुळांवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या क्रमाने, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्याचा उपयोग एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यासाठी आहे. नाशिकच्या द्वारका चौकातली गर्दी, उन्हाळ्यातला एसी आणि सात माणसे त्या परीक्षेत नसतात. माझ्या गाडीचे ॲव्हरेज माझ्या रस्त्यांवर किती, हे फुल टू फुल पद्धतीनेच कळते: टाकी पहिल्या ‘टक्’ला थांबवून भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत भरायचे, आणि चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरांनी भागायचे. पंपावरचा मुलगा रक्कम पूर्ण आकड्यात आणण्यासाठी आणखी थोडे भरू पाहतो, त्याला आधीच नको म्हणून सांगावे लागते. तोच पंप आणि तेच नोझल यासाठी, की नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते, ते डिझेलने झाकले गेले की आतली कळ सुटते, आणि डिझेलला फेस जास्त येत असल्यामुळे ही कळ कुठे लवकर तर कुठे उशिरा सुटते. या एका कारणाने अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो.

आमच्या वहीतल्या चार नोंदी येथे देतो. इंदिरानगर, सातपूर, कॉलेज रोड आणि पंचवटी एवढ्याच परिघात, एसी लावून, दोन आठवडे चालवल्यावर ३१८ किलोमीटरला २९.४ लिटर लागले, म्हणजे १०.८. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव मार्गे पुण्याला जाऊन येताना ४३७ किलोमीटरला ३१.९ लिटर, म्हणजे १३.७. मुंबईला जाऊन येताना ३५२ किलोमीटरला २७.१ लिटर, म्हणजे १३.०. आणि आई, मावशी, मुले अशी सात माणसे घेऊन सप्तशृंग गडावर गेलो तेव्हा १३१ किलोमीटरला ११.७ लिटर, म्हणजे ११.२.

यातली मुंबईची नोंद जरा उलगडून सांगितली पाहिजे, कारण आपल्या नाशिककरांची सर्वांत मोठी फसगत याच रस्त्यावर होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरायचा असतो, आणि गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून चालवली की आजची डिझेल इंजिने इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद करतात. मी कुतूहल म्हणून मुंबईला पोहोचल्यावर टाकी भरून पाहिली: जाताना १७६ किलोमीटरला ११.८ लिटर, म्हणजे १४.९. परतताना घाट चढून तेवढ्याच अंतराला १५.३ लिटर, म्हणजे ११.५. पंप वेगळा असल्यामुळे या दोन आकड्यांत थोडी चूक धरायला हवी, परंतु दिशा स्पष्ट आहे. ‘परवाच मुंबईला गेलो, पंधरा दिला गाडीने’ असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो, त्याने फक्त अर्धाच प्रवास मोजलेला असतो. जाऊन-येऊन मोजल्याशिवाय या रस्त्याचा आकडा ग्राह्य धरू नये. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची जी सवय काहींना असते, ती तर सोडलीच पाहिजे, कारण त्यात इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल उलट लागतेच, आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो.

गडाच्या नोंदीवरही माझा पूर्ण भरवसा नाही, पण कारण वेगळे आहे. भरणा जितका लहान, तितकी चूक मोठी. नोझलमुळे अर्ध्या लिटरचा फरक पडला असेल, तर ११.७ लिटरांत तो ४ टक्क्यांच्या वर जातो, ५० लिटरांत तोच केवळ १ टक्का राहतो. त्याच प्रवासात आणखी एक गोष्ट लक्षात आली. नांदुरीहून वर चढताना इंधनमापक एकदम खाली गेले आणि सपाटीला आल्यावर पुन्हा वर आले. टाकीतला तरंगता फ्लोट आणि त्याची दांडी यांवर ते मापक चालते, टाकीचा आकार वेडावाकडा असतो, आणि चढावर डिझेल एका बाजूला जमते. म्हणून मापक अर्ध्यावर आले म्हणजे ३० लिटर उरले, असा हिशेब करता येत नाही. आमच्या गाडीत वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापेक्षा जास्त किलोमीटर टिकतो. शेतावर किंवा गडावर जाताना मापकापेक्षा ट्रिप मीटरवर विश्वास ठेवावा.

चारही नोंदींची बेरीज केली तर १,२३८ किलोमीटरला १००.१ लिटर लागले, म्हणजे १२.४ च्या जवळ. येथे चार आकड्यांची सरासरी काढण्याची चूक बरेच जण करतात, त्याने उत्तर १२.२ येते, कारण गडाच्या छोट्या प्रवासालाही पुण्याच्या प्रवासाइतकेच वजन मिळते. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, एवढाच हिशेब बरोबर आहे.

पण १२.४ हाही अंतिम आकडा नव्हता, आणि हे मला पाथर्डी फाट्याजवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींमुळे कळले. गाडी पाहताच ते म्हणाले, “साहेब, टायर कंपनीच्या मापाचे नाहीत. मीटर कमी दाखवत असेल.” या गाडीचे मूळ माप २३५/६५ आर १७, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १७ इंची. आधीच्या मालकांनी रुबाबासाठी २५५/६५ आर १७ बसवलेले होते. गणित केले तर मूळ टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर आणि बसवलेल्याचा सुमारे ७६३, म्हणजे साडेतीन टक्क्यांनी मोठा. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि मीटर मात्र फेरेच मोजत असतो. खात्री करण्यासाठी एका रविवारी सकाळी ओझरच्या पुढे धुळ्याच्या दिशेने किलोमीटरचे दगड आणि मोबाइलवरचा नकाशा दोन्ही धरून ५० किलोमीटर चालवून पाहिले, तेव्हा गाडीच्या मीटरने ४८.३ दाखवले. म्हणजे आमचे १,२३८ किलोमीटर प्रत्यक्षात १,२८१ होते, आणि खरे ॲव्हरेज १२.८. याचा दुसरा अर्थ असा, की कार्डावरचे ९२,४०० हे रनिंगही, हे टायर जितका काळ होते तितक्या काळापुरते, प्रत्यक्षापेक्षा कमी होते. यात कोणी मीटर मागे फिरवलेला नाही, तरी आकडा खरा नाही. जुनी गाडी पाहायला जाताना टायरच्या कडेवरचे माप वाचून ते त्या मॉडेलच्या मूळ मापाशी ताडून पाहण्यास एक मिनिट लागते, आणि माझ्या मते ते ॲव्हरेज विचारण्याच्या आधीचे काम आहे.

त्याच मिस्त्रींनी एअर फिल्टर काढून दाखवला. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांची सगळी धूळ त्यात बसलेली होती. चारही चाकांत हवा सांगितलेल्या दाबापेक्षा ५-६ पौंडांनी कमी होती आणि अलाइनमेंट बिघडलेली होती. फिल्टर बदलून, हवा आणि अलाइनमेंट नीट करून शहरातली चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा मीटरप्रमाणे १०.८ चे ११.४ झाले. कागदावर हा फरक लहान वाटतो, पण शहरात रोज चालणाऱ्या गाडीत तो जाणवतो.

वेगाचा परिणाम याहून मोठा आहे. स्कॉर्पिओ उंच आणि चौकोनी बांध्याची गाडी आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० वरून ११० वर गेल्यावर तो जवळजवळ दुप्पट होतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबईचा प्रवास फार सुखाचा झाला आहे, परंतु घाट टळला म्हणून डिझेल वाचेल अशी अपेक्षा करून तेथे १२० च्या मर्यादेला टेकून गाडी चालवली, तर ती बचत हवाच खाऊन टाकते. मी ८५ ते ९० च्या दरम्यान चालवतो आणि या इंजिनाला तोच वेग सर्वांत मानवतो असा माझा अनुभव आहे. २,१७९ सीसीच्या या एमहॉक इंजिनाची ओढ खालच्या फेऱ्यांपासूनच भरपूर आहे, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये शांतपणे चालवता येते आणि सात माणसांनिशी गड चढतानाही गाडी दमल्यासारखी वाटत नाही.

पैशांचा हिशेबही सांगतो, कारण शेवटी घरात तोच विचारला जातो. डिझेल लिटरला ९० रुपये धरले, तर १२.८ च्या ॲव्हरेजने किलोमीटरला ७ रुपये ३ पैसे पडतात. कंपनीचा १५.४ चा आकडा धरला असता, तर ५ रुपये ८४ पैसे पडले असते. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्या घरात हा फरक सुमारे १,८०० रुपयांचा होतो. गाडी घेताना हप्त्याचा हिशेब बारकाईने करणाऱ्यांनी डिझेलचा हिशेब कार्डावरच्या आकड्यावर सोडू नये, एवढे मी आग्रहाने म्हणेन. आणि हजार किलोमीटरचे जे आश्वासन होते, त्याचे उत्तर असे: टाकी भरल्यापासून दिवा लागेपर्यंत ५० लिटर, म्हणजे प्रत्यक्षात ६४० किलोमीटर. आमच्या मीटरवर ते ६२० च्या जवळपास दिसतात. पुण्याला जाऊन-येऊन, वर घरी आल्यावर शहरात आठवडाभर पुरेल इतके हे अंतर आहे, आणि त्याहून अधिक मला या गाडीकडून नकोही आहे.

ज्यांचे चालवणे बहुतांशी शहरातले आणि एकट्याचे आहे, त्यांनी ही गाडी घेऊ नये, कारण त्यांना १०-११ च्या पुढे काही मिळणार नाही आणि द्वारकेच्या सिग्नलवर ते रोज खटकत राहील. ज्यांना दिंडोरी-निफाडकडच्या बागेत जावे लागते, घरात पाच-सात माणसे आहेत आणि महिन्यातून एखादा लांबचा प्रवास ठरलेला आहे, त्यांच्यासाठी दहा-अकरा वर्षे जुन्या गाडीने प्रमाणित आकड्याच्या ८३ टक्के ॲव्हरेज देणे ही उत्तम कामगिरी आहे. गाडीचा जन्मही याच शहरातला, सातपूरच्या कारखान्यातला, त्यामुळे तिची अंगोपांगे ओळखणारे मिस्त्री येथे गल्लोगल्ली आहेत, आणि जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय ॲव्हरेजमधल्या एखाद्या किलोमीटरपेक्षा मोलाची आहे.

दुकानदाराला मी मध्यंतरी वही नेऊन दाखवली. त्याने आकडे नीट वाचले, आत उभ्या असलेल्या दुसऱ्या स्कॉर्पिओच्या कार्डावरचे ७० खोडून ६० केले, ॲव्हरेजचा आकडा मात्र तसाच ठेवला. आमच्या गाडीचे टायर या पावसाळ्यानंतर बदलायचे आहेत. तेव्हा मूळ २३५/६५ चे माप बसवणार आहे, आणि त्यानंतरच्या पहिल्या तीन टाक्यांसाठी वहीत नवे पान आखून ठेवले आहे.